घराचा दर दारावर, हॉटेलचा दर ड्रमवर: पुण्यातलं कचरा शुल्क कसं ठरवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधली ६४ सदनिकांची सोसायटी, खाली आठ दुकानं. त्यात एक खाणावळ, एक केकचं दुकान, एक सलून, एक शिंपी, बाकी किराणा, मेडिकल, मोबाइल वगैरे. गेटबाहेर शहाळेवाल्याची गाडी. कचरा न्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात आणि घरामागे महिन्याला ठरलेली रक्कम घेतात. वार्षिक सभेत त्यावरून वाद झाला. मालमत्ता करात सफाई कर भरतो, मग हे वेगळे पैसे कशाला? पुठ्ठा-बाटल्या विकून त्यांना मिळतातच, मग आपण का द्यायचे? तीन बेडरूमवाल्याने आणि वन बीएचकेवाल्याने सारखंच द्यायचं का? आणि खाणावळीने किती? सेक्रेटरींना जाणून घ्यायचं आहे की महापालिकेने हे दर मुळात कोणत्या हिशोबाने ठरवायला हवेत.

बरीच वर्षं मी महापालिका आणि नगरपरिषदांसाठी घनकचऱ्याच्या खर्चाचे ताळे मांडत आलो आहे. त्यामुळे उत्तर हिशोबाच्या अंगाने देतो. लांब होईल, पण सभेत उठलेले चारही मुद्दे खरे आहेत आणि त्यांना ‘नियम आहे म्हणून द्या’ असं उत्तर देऊन भागत नाही.

कचऱ्याचा खर्च दोन टप्प्यांत होतो. पहिला तुमच्या दारापासून फीडर पॉइंटपर्यंत, म्हणजे ढकलगाडीतला कचरा महापालिकेच्या गाडीत चढतो त्या जागेपर्यंत. दुसरा तिथून पुढे: कॉम्पॅक्टर म्हणजे कचरा दाबून नेणारी गाडी, हस्तांतरण केंद्र, प्रक्रिया प्रकल्प, उरलेल्याची विल्हेवाट. माझं ठाम मत असं की पहिल्या टप्प्याचे पैसे ज्याच्या दारात सेवा मिळते त्याने थेट द्यावेत आणि ते उचलणाऱ्या माणसाच्या हातात पडावेत. दुसऱ्या टप्प्याचा घरगुती वाटा करातून यावा. धंदा करणाऱ्याने मात्र दोन्ही टप्पे पुरते भरावेत. जवळपास प्रत्येक वादाच्या मुळाशी या दोन खर्चांची सरमिसळ असते.

आधी सफाई कराचं बघू. पुण्याच्या मालमत्ता कराच्या बिलात सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन, वृक्ष, पाणी, मलनिस्सारण असे वेगवेगळे रकाने असतात आणि सगळ्यांची आकारणी वार्षिक करपात्र रकमेवर होते. म्हणजे तुमच्या घरातून दिवसाला किती कचरा निघतो याचा सफाई कराशी काही संबंध नाही. तो कर शहर झाडण्याचा, गाड्यांचा, कोठ्यांचा, प्रकल्पांचा खर्च सगळ्यांत वाटून घेण्यासाठी आहे. शुल्क वेगळं. शुल्क घ्यायचं तर त्या बदल्यात ठराविक सेवा द्यावी लागते आणि रकमेचं त्या सेवेच्या खर्चाशी ढोबळ का होईना नातं दाखवावं लागतं. केंद्राच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्थानिक संस्थेने असं उपयोगकर्ता शुल्क ठरवावं आणि ते स्वतः किंवा अधिकृत यंत्रणेमार्फत वसूल करावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे दोन्ही घेणं बेकायदा नाही.

पण तुमच्या सभासदांचा राग मी अनाठायी म्हणणार नाही. सफाई करातून आलेले किती, झाडणकामावर गेले किती, वाहतुकीवर किती, प्रक्रियेवर किती, हा साधा एका पानाचा तक्ता कराच्या बिलासोबत प्रत्येक घरात यायला हवा. तो येत नाही तोवर ‘एकाच कामाचे दोनदा पैसे घेता’ हा आरोप कोणीही करू शकतो आणि महापालिकेला त्याला पुराव्यानिशी उत्तर देता येणार नाही. दर सुचवण्याच्या कामात मी पहिली अट हीच घालतो. खर्चाचे रकाने उघडे केल्याशिवाय दराचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे नेऊ नये.

आता दारापाशी येऊ, कारण पुण्याचं वेगळेपण तिथे आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्याच कचरावेचकांची पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदार कचरा गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. या रचनेत ताईंना महापालिकेचा पगार नाही. त्यांचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं: तुम्ही देता ते महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार. गेल्या काही वर्षांत सोसायट्यांमध्ये घरामागे महिन्याला ७०-८० रुपयांच्या घरात दर आहे, वस्तीत त्याहून कमी, दुकानांना घरापेक्षा जास्त.

८० रुपये म्हणजे नेमकं काय, ते एका फेरीवर मांडून बघा. दोन ताई मिळून ३०० दारं करतात असं धरा. कागदावर महिन्याचे २४,००० होतात. पण वसुली पूर्ण कधीच होत नाही. कोणी गावाला गेलेलं, कोणी ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ म्हणणारं, कोणाच्या दारात सुट्टे नसतात, भाडेकरू बदललेला असतो. ७५ टक्के वसुली धरली तर १८,००० हाती येतात, म्हणजे एकीला ९,०००. त्यावर भंगाराचे जे काही मिळतील ते. आता हीच फेरी पगारी माणसांकडून करून घेतली तर? दोन माणसांचं किमान वेतन, त्यावर पीएफ आणि ईएसआय, एवढंच धरलं तरी रक्कम १८,००० च्या बरीच वर जाते. गाडी, डिझेल, दुरुस्ती आणि ठेकेदाराचा नफा अजून त्यात आलेलाच नाही. ८० रुपयांत पुणेकरांना दारातून कचरा उचलून मिळतो, कारण उरलेली भर भंगारातून आणि त्या बायकांच्या अंगमेहनतीतून पडते.

इथेच भंगाराच्या आक्षेपाचं उत्तर आहे. भंगारातून ‘त्यांना मिळतंच’ हे खरं, आणि त्या मिळकतीमुळेच तुमचा दर कमी आहे. दर ठरवतानाच ती कमाई गृहीत धरलेली असते. ती दुसऱ्यांदा वजा करायला मागणं चूक आहे.

शिवाय त्या बादलीत खरोखर काय असतं ते एकदा सॉर्टिंग शेडमध्ये, म्हणजे सुका कचरा निवडतात तिथे, जाऊन बघा, ही माझी प्रत्येक सोसायटीच्या कमिटीला विनंती असते. वर्तमानपत्राची रद्दी आपण रद्दीवाल्याला देतो. पितळ, लोखंड, जुना मिक्सर भंगारवाला नेतो. ऑनलाइन खरेदीचे चांगले खोके कामवाली किंवा वॉचमन बाजूला काढून ठेवतो. ताईंच्या हाती राहतं ते वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, दह्याचे मळके डबे, थर्माकोल, तुटक्या चपला, उशीतला कापूस, खरकट्यात भिजलेला कागद. पाण्याची-शीतपेयाची पीईटी बाटली, दुधाची पिशवी, पुठ्ठा यांना बाजारात भाव आहे. चांदीसारखा अस्तर असलेल्या पाकिटाला भाव नाही, ते वजनाला हलकं आणि जागेला भारी. दुधाची पिशवी धुऊन कोरडी करून दिली तर ती विकते. तीच आमटीत बुडाली तर फेकून द्यावी लागते. म्हणजे सुक्या कचऱ्याची किंमत तुमच्या ओट्याशी ठरते.

रिसायकलिंगचा दर ठरवताना म्हणून दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, भंगाराचा बाजार वर-खाली होतो. पुठ्ठ्याचा भाव पडला की ताईंचं उत्पन्न त्याच महिन्यात घटतं. तेव्हा घरगुती शुल्क भंगारावर इतकं अवलंबून ठेवू नये की बाजार पडला तर घरोघरची फेरीच मोडेल. भाव अगदी तळाला असताना जेवढं भंगार-उत्पन्न होतं, तेवढंच हिशोबात धरावं. भाव वाढला तर तो वरचा पैसा वेचणाऱ्यांचा. दोन, ज्या मालाला भावच नाही तो उचलण्याचे, साठवण्याचे आणि पुढे पाठवण्याचे पैसे कोणीतरी स्वतंत्र द्यायला हवेत. तो ‘कोणीतरी’ म्हणजे ते पाकीट बाजारात आणणारी कंपनी. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकाची ही विस्तारित जबाबदारी आहेच, २०२२ मध्ये ती आणखी नेमकी झाली. महापालिकेने त्या पैशाचा रकाना दराच्या तक्त्यात वेगळा दाखवावा आणि तो वेचणाऱ्यांपर्यंत किलोच्या हिशोबाने पोचवावा. घरगुती दरात ते ओझं घालू नये.

सॅनिटरी कचऱ्याचंही तसंच. पॅड, डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करून द्या, ही ‘रेड डॉट’ मोहीम पुण्यातच सुरू झाली. वर्गीकरण करणाऱ्या बाईचा हात त्यात नकळत जाऊ नये, एवढंच ती मागते. याला पैसे लागत नाहीत. हे न करणाऱ्या घराला जास्त दर लावण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे.

आता क्षेत्रफळाचा मुद्दा. बंगळुरूने एप्रिल २०२५ पासून बांधकामाच्या क्षेत्रफळानुसार महिन्याला १० रुपयांपासून ४०० रुपयांपर्यंत टप्पे ठेवून हे शुल्क मालमत्ता करासोबत घ्यायला सुरुवात केली. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये जो मसुदा काढला त्यातही ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला १००, ३०० पर्यंत ५०० आणि त्यापुढे १,००० रुपये अशी विभागणी होती. क्षेत्रफळावरून माणसाची ऐपत कळते, कचरा कळत नाही. कोथरूडमध्ये तीन बेडरूमच्या घरात दोघं ज्येष्ठ नागरिक राहतात, मुलं परदेशात. त्यांचा डबा अर्धाही भरत नाही. त्याच मजल्यावर वन बीएचकेमध्ये सहा विद्यार्थी राहतात आणि रोज रात्री बाहेरून जेवण मागवतात. त्यांच्या दारात पार्सलच्या डब्यांचा ढीग असतो. क्षेत्रफळाचं मोजमाप करात आधीच आलेलं आहे. तेच पुन्हा शुल्कात आणलं की कर आणि शुल्क यातला फरक पुसला जातो आणि ‘दोनदा घेता’ हा आरोप खरा ठरतो.

मग घरं वजनावर लावावीत? ते ऐकायला न्याय्य वाटतं. दक्षिण कोरियाने १९९५ पासून ठराविक पिशव्या विकत घ्यायला लावून कचऱ्याच्या आकारमानावर पैसे घ्यायला सुरुवात केली आणि तिथे ते चाललं. पुण्यात मी घरांसाठी ते सुचवणार नाही. चार माणसांच्या घरातून दिवसाला दीड-दोन किलो कचरा निघतो. तो प्रत्येक दारात तोलायचा, नोंदवायचा, त्यावर वाद ऐकायचा, यात तोलण्याचा खर्च उचलण्याच्या खर्चापेक्षा जास्त होईल. आणि पैसे वाचवायला पिशवी नाल्याच्या कडेला किंवा कॅनॉलमध्ये जाईल. शहरातल्या कचराकुंड्या मोठ्या कष्टाने हटवल्या आहेत, रस्त्याकडेचे क्रॉनिक स्पॉट, म्हणजे लोक पुन्हा पुन्हा कचरा टाकतात त्या जागा, अजूनही रोज साफ करावे लागतात. घरातला कचरा लपवायला कारण मिळेल असा दर ठेवूच नये.

घरगुती फेरीचा खर्च वजनावर फारसा अवलंबून नसतो. तो दोन दारांमधल्या अंतरावर आणि वेळेवर असतो, हे दर ठरवणाऱ्या अनेकांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या इमारतीत लिफ्ट आहे, मजल्यावर चार दारं, वरून खाली येत ६४ दारं तासाभरात होतात. प्रभात रोडला बंगल्यांची रांग घ्या: प्रत्येक फाटक उघडायचं, कुत्रा बांधला आहे ना ते बघायचं, त्यात बागेचा पालापाचोळा. तासाला निम्मीही दारं होत नाहीत. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत ढकलगाडी वर जातच नाही. डोक्यावरून किंवा हातातून बादल्या आणाव्या लागतात. म्हणजे जिथे दर सर्वात कमी ठेवायला हवा तिथेच एका दाराचा खर्च जास्त येतो. ही तफावत ताईंच्या कमाईतून भरली जाऊ नये. वस्तीतल्या प्रत्येक दारामागे महापालिकेने अनुदान द्यावं आणि ते दर महिन्याला वेळेवर द्यावं. ते अडलं की पहिली फेरी वस्तीतलीच बंद पडते आणि पावसाळ्यात त्याची किंमत तिथली मुलं आजारी पडून मोजतात.

म्हणून घरांसाठी माझी शिफारस सोपी आहे: वस्ती, सोसायटी आणि स्वतंत्र बंगला असे तीनच टप्पे, टप्प्यात सरसकट दर. बंद फ्लॅटला तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कोणी नसेल तर अर्धा दर चालेल, पण त्याआधी नाही. एक दार बंद असलं तरी फेरीला वेळ तेवढाच लागतो. घरातून डबे पुरवणाऱ्या, रोज पन्नास जणांचा स्वयंपाक करणाऱ्या काकूंना घरगुती दर लावावा का, हा प्रश्न पेठांमध्ये नेहमी येतो. त्यांचा ओला कचरा दहा घरांइतका असतो. मी त्यांना छोट्या व्यवसायात धरतो, मात्र सर्वात खालच्या टप्प्यात.

धंद्यांच्या दराकडे खरं तर महापालिकेने जास्त वेळ द्यायला हवा, कारण सर्वात मोठी गळती तिथे आहे. दुकानांचे दर बहुतेक ठिकाणी पाटीवरून ठरतात: दुकान इतके, शोरूम इतके, हॉटेल इतके, रुग्णालय खाटांप्रमाणे. तुमच्याच आठ दुकानांवर ही पद्धत लावून बघा. मोबाइलच्या दुकानातून मूठभर प्लॅस्टिक निघतं. मेडिकलमधून कोरडे, स्वच्छ खोके निघतात, ते ताई आनंदाने नेतील. शिंप्याकडच्या चिंध्या हलक्या असल्या तरी त्यांना गिऱ्हाईक नाही. सलूनमधले केस कशातच जात नाहीत, ना खतात नीट कुजतात ना विकतात. केकवाल्याकडे अंड्याची टरफलं आणि क्रीमने माखलेले पुठ्ठे. आणि खाणावळीतून दिवसाला धरा १०० किलो ओला. सगळ्यांना दुकान म्हणून १६० रुपये लावले तर खाणावळीच्या महिन्याच्या ३,००० किलोला किलोमागे साडेपाच पैसेही पडत नाहीत. तुमच्या घरातला ५० किलो कचरा ८० रुपयांत जातो, म्हणजे किलोला एक रुपया साठ पैसे. खाणावळीच्या खरकट्याचा खर्च वरच्या ६४ घरांनी आणि ते उचलणाऱ्या पाठींनी सोसायचा, असा याचा अर्थ होतो.

धंद्यांना म्हणून ड्रम मोजावा. तराजू नको, ड्रम पुरे. १२० लिटरच्या ड्रममध्ये ओला कचरा साधारण ५०-६० किलो बसतो. रोज किती ड्रम भरतात हे आरोग्य निरीक्षकाने वर्षातून दोनदा, न सांगता येऊन, सलग आठवडाभर बघावं. एकदा लग्नसराईत, एकदा पावसाळ्यात. मंगल कार्यालयाचा कचरा श्रावणात आणि मार्गशीर्षात सारखा नसतो. एक किमान महिना-शुल्क आणि त्यावर ड्रममागे दर. किलोला ४ रुपये असा दर उदाहरणादाखल धरला तर त्या खाणावळीचे महिन्याला १२,००० होतात. १६० वरून एकदम १२,००० केले तर तो माणूस रात्री काळ्या पिशव्या दुसऱ्या गल्लीत नेऊन टाकेल हे मला माहीत आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांत चढत्या टप्प्यांनी जावं, आणि वेगळा केलेला स्वच्छ ओला कचरा देणाऱ्याला मिश्र कचरा देणाऱ्यापेक्षा निम्मा दर लावावा. प्लॅस्टिकचे चमचे आणि टिश्यू न मिसळलेला हॉटेलचा ओला कचरा बायोगॅस प्रकल्पाला हवाच असतो. मिसळलेला त्यांनाही नको असतो.

वेळेचा खर्चही धरावा लागतो. घरांची फेरी सकाळी होते, कारण फीडर पॉइंटवर गाडी ठराविक वेळी येते आणि ती गेली की कचरा तिथेच पडतो. हॉटेलचा कचरा रात्री अकरानंतर तयार होतो. त्यासाठी वेगळी गाडी, वेगळी माणसं, रात्रपाळीचा भत्ता. हा खर्च हॉटेलांच्या दरात यायला हवा, घरांच्या नाही.

गेटबाहेरच्या शहाळेवाल्याकडे जरा नीट बघा. पाणी काढलेलं शहाळं किलोच्या पुढे भरतं. दिवसाला १०० शहाळी विकली की १०० किलोच्या वर कचरा झाला, म्हणजे नियमातली मोठ्या कचरा निर्मात्याची दिवसाला १०० किलोची मर्यादा त्या हातगाडीने गाठली. तिचा मालक दिवसाला किती कमावतो ते सगळ्यांना दिसतं. त्याला हॉटेलचा दर लावणं क्रूर होईल, आणि काहीच न लावणं म्हणजे ती शहाळी ताईंच्या ढकलगाडीत चढवणं. माझ्या मते पथविक्रेत्यांच्या शहाळी, उसाचा चोथा, मक्याची पानं यांसाठी प्रभागनिहाय एक वेगळी दुपारची गाडी असावी, विक्रेत्याकडून दिवसाला ठराविक छोटी रक्कम घ्यावी, आणि माल थेट तुकडे करण्याच्या यंत्राकडे जावा. यातून चांगलं खत आणि काथ्या मिळू शकतो. घरगुती फेरीत शहाळी येणं मात्र पूर्ण बंद करावं.

मोठ्या सोसायट्या आणि आस्थापनांचं गणित आता बदललं आहे. जानेवारी २०२६ मध्ये केंद्राने नवे घनकचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात आणि २०१६ च्या नियमांची जागा घेतात. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, बल्ब, औषधं वगैरे) असे चार प्रकार वेगळे करायचे आहेत. २०,००० चौरस मीटर बांधकाम, दिवसाला ४०,००० लिटर पाणी किंवा १०० किलो कचरा, यातलं काहीही एक असेल तर ती संस्था मोठी कचरा निर्माती ठरते. तुमच्या ६४ घरांचा आणि दुकानांचा कचरा एकत्र धरला तर १०० किलोची रेघ तुम्ही ओलांडता. पाण्याचा वापर बघा, माणशी १३५ लिटर धरले तर तिथेही चाळीस हजाराच्या जवळपास पोचणार नाही याची खात्री नाही. तेव्हा कमिटीने आत्ताच वजनाची आठवडाभराची नोंद करून ठेवावी. वेगळा न केलेला कचरा क्षेपणभूमीवर पाठवणाऱ्या स्थानिक संस्थांना जास्त शुल्क पडावं, अशीही या नियमांत तरतूद आहे. मिश्र कचरा महाग पडणार हे आता महापालिकेच्याही अंगाशी येणार आहे.

ओला कचरा आवारातच जिरवणाऱ्या सोसायट्या लगेच म्हणतात, ‘आमचा अर्धा कचरा आम्हीच संपवतो, ताईंना अर्धेच देऊ.’ इथे मी ठामपणे नाही म्हणतो. तुम्ही खत केलं तर बचत कोणाची झाली? गाडीच्या डिझेलची आणि प्रकल्पातल्या प्रक्रियेच्या खर्चाची. ती बचत महापालिकेच्या तिजोरीत पडते. ताईंना रोज यावंच लागतं, सुका उचलावाच लागतो, बहुतेक ठिकाणी खताच्या खड्ड्यात कचरा टाकून उलटापालट करणंही त्याच करतात. म्हणून सूट महापालिकेने द्यावी. पुण्यात ती रचना आहेच: गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल पुनर्भरण यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत. ती सवलत खड्डा चालू आहे याची पाहणी करूनच मिळाली पाहिजे. पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता बांधलेला आणि आता जुन्या फर्निचरने भरलेला खड्डा सवलतीला पात्र नाही.

उरला वसुलीचा मार्ग. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये घरामागे महिन्याला ६० रुपये उपयोगकर्ता शुल्क मालमत्ता कराच्या बिलातून लावलं. ६० रुपये ही काही अवाजवी रक्कम नव्हती. पण बिलावर वर्षाचे ७२० रुपये एकदम दिसले, दारातल्या सेवेत काही बदल दिसला नाही, आणि पैसे जाणार महापालिकेच्या खात्यात. विरोध झाला, राज्य सरकारने स्थगिती दिली. करासोबत वसुलीचा फायदा खरा आहे, टाळणारे त्यात सापडतात. पण ज्यांच्या मिळकतीची नोंदच नाही ते सुटतात, पैसे सहामाही-वार्षिक येतात, आणि ताईंना महिन्याच्या महिन्याला किराणा भरायचा असतो. शिवाय दारात पैसे देणारा माणूस ‘काल का आला नाहीत’ असं विचारू शकतो आणि ताई ‘ओला-सुका एकत्र का दिलात’ असं विचारू शकतात. हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. मधला मार्ग असा: सोसायटीने सगळ्या घरांचं शुल्क मेंटेनन्समध्ये घ्यावं आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत एकरकमी ताईंच्या संस्थेकडे किंवा खात्यात भरावं. मघाशी मांडलेल्या फेरीत ७५ टक्क्यांची वसुली ९५ वर गेली तर १८,००० चे २२,८०० होतात, तेही दर एक रुपयाही न वाढवता. सहा महिने थकवणाऱ्या सोसायटीकडून मात्र महापालिकेने करासोबत दुप्पट वसूल करावं.

दरवाढ दरवर्षी नव्याने मंजुरीला नेऊ नये. पाच वर्षांचा तक्ता एकदाच मंजूर करावा आणि वाढ किमान वेतनाशी बांधावी. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात प्रशासक होते. आता निवडून आलेली सभा आहे. दर तिथे, हरकती ऐकून, उघडपणे ठरायला हवेत.

आणि जुन्या कचऱ्याचा खर्च. उरुळी देवाची आणि फुरसुंगीत दशकानुदशकं आपण जे टाकलं, त्याने तिथल्या विहिरींचं पाणी गेलं, लोकांना वारंवार गाड्या अडवाव्या लागल्या. ते डोंगर उपसून कचरा वेगळा करण्याचा, म्हणजे बायोमायनिंगचा, आणि पाण्याचा खर्च आजच्या मासिक शुल्कात घालायचा मोह काही अधिकाऱ्यांना होतो. तो करातूनच यायला हवा. ते पुण्याचं सामायिक देणं आहे, आणि त्यातलं मोठं देणं जुन्या शहराचं आहे, काल-परवा समाविष्ट झालेल्या गावांचं नाही.

तुमच्या सोसायटीपुरतं सांगायचं तर: घरांना सरसकट दर, मेंटेनन्समधून. आठपैकी खाणावळ आणि केकवाला सोडून बाकी सहा दुकानांना दुकानाचा ठरलेला दर. केकवाल्याला दीडपट. खाणावळवाल्याशी बसा, आठवडाभर ड्रम मोजा, आणि त्याचा ओला कचरा हॉटेलांच्या वेगळ्या गाडीत द्यायची व्यवस्था क्षेत्रीय कार्यालयातून करून घ्या. तो ताईंच्या ढकलगाडीत घालू देऊ नका. दरांचा नवा मसुदा हरकती-सूचनांसाठी निघेल तेव्हा कमिटीच्या लेटरहेडवर तीन मागण्या लिहून पाठवा: सफाई कराच्या खर्चाचा तक्ता, धंद्यांना ड्रमवर दर, आणि वस्त्यांचं अनुदान महिन्याच्या महिन्याला. सोबत तुमच्या आठवडाभराच्या वजनाच्या नोंदी जोडा. आकडे जोडलेली हरकत इतिवृत्तात नोंदवून घेणं टाळता येत नाही.